नवरीने गुडघे टेकले नाहीत

सर, तुमच्या नाटकाचा शेवट मी बदलला. आधीच सांगून टाकते, म्हणजे रागवायला तुम्हाला अख्खं पत्र मिळेल. दोनशे वर्षांपूर्वीची ती इंग्रजी कॉमेडी, तुम्ही मराठीत आणलेली: तोऱ्यातल्या नवरीची खोड मोडायला श्रीमंत नवरा गरिबीचं सोंग घेतो, तिला झोपडीत नेऊन ठेवतो, आणि शेवटी तीच गुडघे टेकून माफी मागते. काल इथे जर्मनीत, इंगोलश्टाटला, आमच्या मराठी मंडळाने तिचा प्रयोग केला. नवरीने गुडघे टेकले नाहीत, माफीही मागितली नाही.

कॉलेजच्या ड्रॉइंग हॉलमध्ये टेबलं भिंतीला सरकवून आपली तालीम चालायची. इंजिनिअरिंगला मुली मोजक्याच, म्हणून नवरी मी. शेवटच्या प्रवेशाला मी अडले. "सर, फसवलं त्याने, मग माफी हिने का मागायची?" तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात. "बाई गं, लेखकाने लिहिलंय ते बोलायचं. इतकी वर्षं नाटक टिकलंय ते या शेवटामुळे. त्याला हात लावणारी तू कोण?" सगळे हसले. मी गुडघे टेकले. प्रयोगाला टाळ्या भरपूर पडल्या आणि तुम्ही मला तुमची पितळी घंटा दिलीत, पडदा उघडण्याआधी वाजवायची. ती माझ्याबरोबर जर्मनीत आली. ते हसणंही आलं, सर, आणि त्याचा मला अजून राग येतो.

म्हणून या खेपेला मी नाटकाची कुंडलीच काढली. नवरीचं काम माझी मुलगी करणार होती. ती गार्चिंगच्या विद्यापीठात शिकते, तिनेच लायब्ररीतून जुन्या प्रयोगांवरची पुस्तकं आणून दिली. टिकलं म्हणता, काय टिकलं? थिएटरवाले लेखकाची नाटकं परत पाठवत राहिले, आणि या नाटकाचा पडदा पहिल्यांदा उघडला तेव्हा तो बिचारा या जगात नव्हता. मग जो आला त्याने कात्री चालवली. पाच अंकांचे तीन झाले, मोठ्या नाटकानंतर तोंडी लावायला ते वाढलं जाऊ लागलं, हौशी मंडळ्यांनी त्याचं हवं ते केलं. आणि तुम्ही? उमरावाचा सरदार केलात, त्याच्या झोपडीत पिठलं-भाकरी शिजवलीत. तेव्हा लेखकाला विचारलं होतंत? सगळ्यांनी हात लावलेला चालतो, मी लावला की विटाळ?

मंडळातही तुमचे वारस आहेत. नवऱ्याचं काम करणारे गृहस्थ गाड्यांच्या कारखान्यात टीमलीडर. ते म्हणाले, "अहो, ती नमलीच नाही तर कॉमेडी कसली? लोक फॅमिली घेऊन येतात." मुलीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. "नाईन," म्हणजे नाही, ती म्हणाली आणि खुर्चीवर बसली. मग मी ठरवून टाकलं: शेवटी ती नुसती उभी राहील, नवऱ्याकडे बघत, गप्प. त्यावर पडदा. माफी मागायची हौस असेल तर त्याने मागावी.

काल नटराजाची पूजा कापराशिवाय झाली, कारण हॉलची देखभाल करणारा हाउसमाइस्टर धुराच्या अलार्मखाली पहारा देत उभा होता. नारळ पार्किंगमध्ये फोडला. तिसरी घंटा तुमचीच वाजवली. प्रॉम्प्टिंगला मी विंगेत. शेवटचा प्रवेश आला, मुलगी उभी राहिली, ठरल्याप्रमाणे गप्प. आणि स्टेजवर कुणी थांबलं की विंगेतून ओळ गेलीच पाहिजे, ही शिस्त तुमचीच ना? गेली माझ्या तोंडून. "नाथ, माझं चुकलं." स्पष्ट, तुमच्याच चालीत. मुलीने वळून माझ्याकडे पाहिलं, मान नकारार्थी हलवली आणि पुन्हा नवऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. लोकांना वाटलं हेही बसवलेलंच आहे. टाळ्या कडाडल्या.

तुमचा पत्ता माझ्याकडे नाही, हे पत्र मी कुठे टाकणार, आणि पत्ता असता तरी टाकलं नसतं. वर लिहिलंय की शेवट मी बदलला. तो तिने बदलला, सर. मी तर तुमची ओळ दिली होती.