रानतुळशीचा रस आणि नऊ नंबरची गाडी

वन्संना वाकून नमस्कार. (कागदावरच वाकले, कंबर धरली आहे.) तुमचे गुडघे कसे आहेत? बरेच असणार, अख्ख्या गल्लीला औषधं वाटता तुम्ही. पत्राला कारण तुम्हीच आहात.

तुमच्या भावाचं नाक चोंदलं होतं. घरात चोंदलं असतं तर माझं काय जात होतं, पण बसस्टँडवर माइकवरून गाड्या सांगायचं काम त्यांचं. ‘नऊ नंबर’ म्हणायला जातात आणि निघतं ‘दऊ दंबर’. लोकांना ऐकू येतं दहा. नऊची गाडी रिकामी गेली आणि दहाच्या दारात मारामारी. साहेबांनी बजावलं, अजून एकदा घोळ झाला की पार्सलच्या खोलीत पोती उचला.

म्हणून तुम्हाला फोन केला. तुम्ही रानतुळशीचं पुराण लावलंत, खोकल्याला काढा, सर्दीला वाफारा, खाजेला लेप, डासांना धूर (एवढं येतं तर तिलाच नोकरीला लावा की), आणि मागे तुमचा मिक्सर घरघरतोय. पाला ठेच, रस गाळ, दोन थेंब नाकात. मी ऐकलं कानात. यांच्या कानांत रस घातला, वर उरलेल्या चोथ्याचे बोळे करून तेही कोंबले, वाया कशाला घालवायचा.

आता नाक बंद, कानही बंद. तसेच कामावर गेले. माइक चालू आहे हे कळलंच नाही आणि शेजारच्या कारकुनाला मन मोकळं करून सांगितलं की आपला साहेब माठ आहे. अख्ख्या स्टँडवर घुमलं. पण चोंदल्या नाकातून ‘म’ कुठला निघायला? निघालं ‘बाठ’, आणि साहेबांनी ऐकलं ‘ताठ’. बोलावून पाठ थोपटली, म्हणाले, “माणूस ओळखता तुम्ही. माइक तुमच्याकडेच राहू दे.”

संध्याकाळी तुमचा रस योग्य भोकात घातला. शिंकांनी फळीवरची भांडी हलली, पण नाक मोकळं झालं. आता ‘नऊ’ खणखणीत येतं. ‘माठ’ही खणखणीत येतं, म्हणून दम भरलाय, साहेबांचं काय ते घरी येऊन बोला.

तुमची भावजय

ता.क. बोळ्यांचा तो दिवस फार सुखाचा गेला. मी काहीही म्हटलं की मान डोलवत होते. नव्या कपाटालाही डोलवली.

आणखी एक ता.क. तुम्ही महिनाभर राहायला येताय म्हणे. जरूर या. येताना रानतुळशीच्या दोन जुड्या आणा. एक यांच्या कानांसाठी, एक माझ्या.