अंगणातलं जबलपूर

५ फेब्रुवारी १९४६. कुंडल

ह्यांचं पत्र आलं. जबलपूरच्या फौजी गोदामाजवळ क्वार्टर मिळाली! तीन वर्षं ज्या पत्राची वाट पाहिली ते हातात. पण खाली लिहिलंय — 'मी दिवसभर कामावर. आईला मोरीपर्यंत एकटीनं जाता येत असेल तर आण. नाहीतर बनूताईकडे आटपाडीला ठेव.'

आत्याबाईंना, ह्यांच्या आईला, दिसत नाही. पण या घरातला खांब, कोनाडा, रांजण, सगळं त्यांच्या हाताला ठाऊक. आल्यागेल्याला खरं वाटत नाही. परक्या घरात मात्र बसल्या जागेवरून उठायची चोरी.

आणि बनूवन्सं! पोटची लेक. दिवाळीत याच दारात म्हणाल्या, "आंधळं माणूस म्या कुटं बांदू? दावणीला?" आत्याबाई आत होत्या. सगळं ऐकलं त्यांनी.

त्यांना तिथं टाकून जायचं नाही. यमाईसमोर दिवा लावून तेवढंच मागितलं.

८ फेब्रुवारी

ह्यांनी पत्रात खोल्यांचा नकाशा काढलाय. तो आज अंगणात उतरवला. रांगोळी पायाला कळत नाही, म्हणून भिंतींच्या जागी शेणामातीचे बोटभर उंच वरंबे घातले. दारांना जागा सोडली. मोरीच्या जागी घंगाळ. खर्च काही नाही.

शेजारची रंगूबाई कुडाशी उभी. "म्याट्रिक झाल्याली सून, अन् भातुकली मांडलीया. भाडं किती गं?"

आत्याबाई आतूनच — "तुला परवडायचं न्हाई, रंगे. फौजंतलं घर हाय."

१२ फेब्रुवारी

जमत नाही. भिंती तुडवून थेट तुळशीपाशी जातात. दमून मधेच खाली बसल्या. "पोरी, तुझ्या ह्या घराला वास न्हाई. वास न्हाई तर कळावं कसं?"

खरंच की. चुलीच्या जागी शेणी पेटवून ठेवली, देवाच्या जागी ऊद. तरी नाहीच. रात्री डोळा लागत नाही. आटपाडीच दिसते.

१७ फेब्रुवारी

आज खाटेपासून मोरी, मोरीपासून देव — कुठं पाय अडखळला नाही. मी हात धरला नव्हता. हुश्श करून बसल्या आणि म्हणतात, "जबलपूरला जाऊन आले बाई. तिकीट काडलं न्हाई तेवडं." रंगूबाईसुद्धा हसली.

ह्यांना लिहिलं, दोघी येतो.

२२ फेब्रुवारी

आत, खऱ्या घरात, त्यांचा हात चुकायला लागलाय. रांजण डावीकडे, त्या उजवीकडे चाचपतात. रंगूबाई म्हणते, "म्हातारीला चकवा लागलाय बघ." मला उलट बरंच वाटलं. म्हणाले, "जुनं विसरा आता, आत्याबाई."

चाचपणारा हात मागे घेत म्हणाल्या, "इसरते की. तू म्हंतीस तर इसरते."

२६ फेब्रुवारी

म्हैस विकली. शेत वाट्यानं दिलं. ह्यांच्याबरोबर गोदामात असणारा कृष्णात रजा संपवून परत निघालाय, शुक्रवारी त्याच्या सोबतीनं जायचं. सामान बांधून ठेवलं. भरलेल्या घरात सामानच तेवढं जायला तयार दिसतं.

२८ फेब्रुवारी

पहाटे मी परसात देवाची भांडी घासत होते. आत्याबाई उठल्या, मोरीकडे म्हणून निघाल्या. निघाल्या त्या जबलपूरच्या वाटेनं. तिथं मोरीचं दार. इथं सोप्याची कड, आणि खाली दगड.

हाक नाही. नुसता आवाज आला.

हाडं बसवणारे केरबा आले. चाचपून पाहिलं, मला बाहेर बोलावून म्हणाले, "खुबा गेलाय, वैनी. ह्या आता उठायच्या न्हाईत."

लग्न होऊन आल्यापासूनचं घर त्यांच्या पायात होतं. ते मी काढून घेतलं. रोज थोडं थोडं, कौतुकानं.

१ मार्च

कृष्णात एकटा गेला.

५ मार्च

ह्यांची तार. आईला आटपाडीला पोचवून ताबडतोब निघ, क्वार्टर पुन्हा मिळणार नाही. बनूवन्संना निरोप धाडून चार दिवस झाले. कुणी आलं नाही.

देवापुढे बसले होते. तोंडातून नाव निघेना.

६ मार्च

ह्यांना उत्तर धाडलं, क्वार्टर परत करा.

आत्याबाईंच्या अंगात फणफणून ताप. दुपारी माझा हात धरून म्हणाल्या, "पोचलो का गं आपण?"

"पोचलो, आत्याबाई."

"अन् माझा ल्योक?"

"कामावर गेलेत."