अश्विनीचा आवाज

२२ सप्टेंबर
अश्विनीबद्दलचे अभिप्राय आले. स्त्रीरोग विभागात माझ्या हाताखाली शिकणारी डॉक्टर, शेवटचं वर्ष. नवी पद्धत: नुसती परीक्षा नाही, भोवतालच्यांनाही विचारायचं. सिस्टर, बरोबरीचे डॉक्टर, सफाईच्या मावशी, पेशंट. नावं झाकलेली. आपल्याकडे सुरू व्हावी हा आग्रह माझाच.
हात चांगला, यावर सगळ्यांचं एकमत. पेशंटच्या गठ्ठ्यात मात्र एकच सूर. ‘लई वरडती.’ ‘माणसाला माणूस समजत न्हाई.’

२५ सप्टेंबर
तिला खोलीत बोलावलं. काही गाळायला हवं होतं; एकामागून एक वाचत गेले. ती स्वतःच्या नखांकडे पाहत होती.
‘केजची आहे मॅडम मी. आमच्याकडं हळू बोलणाऱ्याला आजारी समजतात.’
हसायला हवं होतं. म्हणाले, आवाज कमी कर.
‘किती?’
कागद गोळा करून ठेवले.

१४ ऑक्टोबर
वॉर्ड शांत. अश्विनी राउंडला प्रत्येकीला ‘ताई’ म्हणते. कदम सिस्टर म्हणाल्या, ‘आमच्या डॉक्टरबाई कुणी बदलून नेल्या की काय.’ सगळे हसले. तीही.
बरं वाटलं.

२९ ऑक्टोबर
मंगल, चकलांब्याकडची. सातवा महिना, बीपी वाढलेलं, पायांवर सूज. झटके आले तर आई आणि बाळ दोघांचंही… ठेवून घ्यायलाच हवी. पण ऊसतोडीची टोळी निघालीय. मुकादम दारातच उभा: ‘नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई घरी ऱ्हायली तर नवरा नुसता अर्धा. अर्ध्या कोयत्याला कोण नेतंय?’ नवरा खाली बघत. मंगल भिंतीकडे.
अश्विनीला सांगितलं, सोडायची नाही. उद्या मी चौसाळ्याला, शिबिराला.

३० ऑक्टोबर
संध्याकाळी परत. मंगलची खाट रिकामी. चादर बदललेली.

३१ ऑक्टोबर
अश्विनीला विचारलं.
‘समजावून सांगितलं मॅडम. शांतपणे.’
‘मग?’
‘म्हणाले, आमच्या जबाबदारीवर नेतो. नवऱ्यानं सही केली. गोळ्या दिल्या. साखर कारखान्याजवळच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली.’
गेल्या हंगामात असाच एक मुकादम आला होता. तेव्हा ही वॉर्डाच्या दारात आडवी खुर्ची टाकून बसली होती. ‘बाळंत झाल्याबिगर न्हाई सोडत. काय करायचं ते करा.’ आवाज पार रस्त्यापर्यंत. ती बाई बाळ घेऊन घरी गेली.
काल का नाही ओरडलीस, हे ओठांवर आलं होतं.

४ नोव्हेंबर
कदम सिस्टरांबरोबर चहा. बोलता बोलता म्हणाल्या, ‘पेशंटचे ते अभिप्रायाचे कागद मुकादमांनीच भरले की. हंगामाच्या आधी बायांना तपासायला तेच घेऊन येत्यात. बाया म्हणत्यात, भाऊ, तुमीच लिवा.’
‘मला सांगितलं का नाही?’
‘तुमीच म्हणला होता ना मॅडम, पेशंटला येत नसंल तर सोबतच्या माणसाला द्या. सोबत तेच असत्यात.’
म्हटलं होतं.
माणसाला माणूस समजत न्हाई. कोण, कोणाला.

११ नोव्हेंबर
मंगलच्या केसपेपरवरचा नंबर लावला. मुकादमाचाच निघाला. ‘हाय बरी. उसाच्या फडात हाय.’ तिला द्या म्हटलं. ‘संध्याकाळी लावून देतो.’
लावून दिला नाही.

१३ नोव्हेंबर
ते कागद कोणी भरले, ते अश्विनीला सांगितलं. स्टेथोस्कोप गुंडाळत राहिली. मग:
‘पण ओरडत तर होतेच ना मी.’
हो, म्हटलं. ती उठून राउंडला गेली. दार हळू लावलं. पूर्वी आपटायची.

२६ नोव्हेंबर
अभिप्रायांची दुसरी फेरी. या वेळी सिस्टर बायांना एकेकीला आत बोलावून विचारतात, सोबतचा माणूस बाहेर. अश्विनीबद्दल सगळं गोड. ‘शांत हाय.’ ‘रागवत न्हाई.’ एकीनं सिस्टरांनाच विचारलं, ‘त्या पयल्या वरडणाऱ्या बाई कुठं गेल्या?’
माझं मत लिहायचं बाकी आहे.
मंगलची खबर नाही. कारखान्याजवळच्या दवाखान्यात फोन केला. त्या नावाची कोणी आली नाही म्हणाले.
दुपारी लिहायला बसले. मागं राहिलेल्या टोळ्या अजून निघतायत. वॉर्डाच्या दाराशी एक पुरुष: ‘कशापायी ठेवून घेता बाई, गाडी उभी हाय.’ अश्विनी काहीतरी बोलली. हळू. शब्द कळले नाहीत. पुन्हा तो माणूस, चढ्या आवाजात.
पेन खाली ठेवलं. उठले नाही.
मग फरशीवर खुर्ची ओढल्याचा आवाज. दाराकडे की दारापासून, ते इथून कळत नाही.