मानपाड्याचे पंधरा फॉर्म

नौपाडा, ठाणे
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय संचू,

आशीर्वाद. पाकीट बघून तुला आधी वाटेल की गावचं कोणी गेलं. तसं काही नाही, सगळे आहेत. फोन केला तर तू आवाज ऐकून ठेवून देशील, आणि मेसेज न वाचताही पुसता येतो. कागद फाडायला निदान हातात तरी घ्यावा लागतो.

इकडे ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा थंडीत कुरकुरतो आणि त्याचा राग ती माझ्यावर काढते. यंदा चकल्या मऊ पडल्या. मी तसं बोलून गेलो, तेव्हापासून डबा कुठल्या फळीवर आहे ते मला कळू दिलेलं नाही. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जायचीय, म्हणून दर रविवारी मीटिंग असते आणि दर रविवारी भांडण. आत्ताही खाली तेच चाललंय. भाऊबीजेला तू बोलावलं नाहीस, मीही आलो नाही. हे तिसरं वर्ष.

नोकरी गेली. म्हणजे मीच घालवली, पण ते क्रमाने सांगतो. तुला माहीत आहे, मला क्रमाशिवाय काही सांगता येत नाही.

माझं काम तू तुझ्या सोफ्यावरच पाहिलंयस. ठरलेल्या घरी दर दोन महिन्यांनी जायचं आणि घरच्या बाईला तेच सहा प्रश्न विचारायचे. भाव वाढलेत का, वर्षभराने किती वाढलेले असतील, घरची परिस्थिती कशी आहे, पुढे कशी असेल. एजन्सी त्या फॉर्मची टक्केवारी काढते आणि बँकांना, अर्थतज्ज्ञांना विकते. लोकांना पुढे महागाई दिसतेय की नाही, याकडे व्याजाचे दर ठरवणाऱ्यांचंही लक्ष असतं म्हणे. एवढ्याशा धाग्याला लोंबकळून मी स्वतःला केवढा समजायचो! साईनाथराव उगाच नाही तुला म्हणायचे, "गव्हर्नरसाहेब आले, चहा टाक."

यादीत खरं तर तुझ्या वरच्या मजल्यावरचं घर होतं. तिथे कायम कुलूप. नियम असा की तीन वेळा जायचं, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, आणि तिन्ही वेळा कोणी भेटलं नाही तर ‘घर बंद’ असं लिहून दुसरं घर घ्यायचं. नातेवाइकाचं घर घ्यायचं नाही, हाही नियमच. मी तुझं घेतलं. आडनाव वेगळं, चहा चांगला, कोणाला कळणार होतं?

आणि ते घर तुम्हाला विकतही मीच घ्यायला लावलेलं. बघ, एवढं लिहायला मला चकल्यांपासून सुरुवात करावी लागली.

एकवीसच्या गणपतीत मी तुमच्या भाड्याच्या खोलीत बसून भाषण दिलं होतं. रेपो दर चार टक्क्यांवर आलाय, अशी वेळ पुन्हा येणार नाही, कर्ज फ्लोटिंगच घ्या, दर उतरले की व्याजही उतरतं, मी यातला माणूस आहे. साईनाथराव म्हणाले होते, "अजून दोन वर्षं भाड्याने काढू, मेव्हणे. कंपनीचं काय खरं नाय." मी हसलो होतो. तू माझ्याकडे बघितलंस आणि त्यांना म्हणालीस, "दादा सांगतोय ना."

पुढच्या मे महिन्यापासून दर चढायला लागले, आणि दहा महिन्यांत साडेसहावर गेले. तेवीसच्या मार्चमध्ये मी फॉर्म घेऊन आलो, तेव्हा तू प्रश्न विचारूच दिले नाहीस. बँकेचं पत्र पुढे केलंस. एकवीस हजार दोनशेच्या हप्त्यातले वीस हजार सहाशे नुसत्या व्याजात जात होते. बँक म्हणत होती, हप्ता चार हजारांनी वाढवा, नाहीतर हे कर्ज तुमच्या हयातीत फिटत नाही. मी चष्मा पुसला. म्हटलं, हे तात्पुरतं असतं गं, दर वाढले की मागणी कमी होते, मागणी कमी झाली की भाव उतरतात, मग दरही उतरतात.

तेव्हा साईनाथरावांनी टीव्ही बंद केला आणि विचारलं, "मागणी म्हणजे कोण? आपणच ना?"

मी चहा अर्धा टाकून उठलो.

मे महिन्यात पुन्हा फॉर्म घेऊन मानपाड्याला तुझ्याकडे निघालो होतो, खरंच. शीळफाट्याला बस बदलायची होती. तिथे टपरीवर बसलो, मनात तुझ्याशी काय बोलायचं ते जुळवत राहिलो, आणि शेवटी तिथेच फॉर्म भरला. भाव: थोडे वाढतील. घरची परिस्थिती: गेल्या वर्षीसारखीच. वर्षभराने: सुधारेल. खाली तुझी सही केली. लहानपणी तुझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची करायचो, तशीच. जुलैमध्येही तेच. टपरीवाला मला बघून न सांगताच कमी साखरेचा चहा देऊ लागला. यंदाच्या सप्टेंबरपर्यंत असे पंधरा झाले, संचू. पंधराच्या पंधरा वेळा मी लिहिलं की तुझं बरं चाललंय. वीस मिनिटांवर तुझं घर होतं आणि माझी तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

या फेब्रुवारीत दर उतरल्याची बातमी आली, तेव्हा मी तुझ्या वहिनीला पेपर दाखवून म्हणालो, "बघ, मी सांगितलं होतं." आनंद झाला होता गं मला. वाटलं, आता जाता येईल.

मग दिवाळीच्या तोंडावर आमच्या सुपरवायझर पोरीने, शिवानीने, बोलावून घेतलं. ती अचानक चार घरांत फेरतपासणीला जाऊन आली होती. त्यात तुझं घर होतं. ती हसत म्हणाली, "काका, मानपाड्याचा फॉर्म शंभर टक्के मॅच झाला! बाई बोलल्या, येतात ना ते दर दोन महिन्यांनी. चहा घेतात, साखर कमी."

तिने तुला माझा फॉर्म वाचून दाखवला होता. परिस्थिती तशीच? तू म्हणालीस, तशीच. वर्षभराने सुधारेल? सुधारेल. आणि मग माझ्या त्या सहीखालीच सही केलीस, ती तिने मला दाखवली. मी काढत आलो तशी केलीस, शेवटच्या अक्षराला शेपूट देऊन. तुझ्या खऱ्या सहीला शेपूट नाही.

शिवानी जाता जाता म्हणाली, "पण काका, सामान सगळं बांधलेलं. मी विचारलं तर बोलल्या, रंग काढायचाय. आणि आत कोणीतरी पलंगावर होते, ते काय बोललेच नाहीत."

दुसऱ्या दिवशी मी मानपाड्याला आलो. या वेळी शीळफाट्याला बस बदलली. पण वर आलो नाही, वॉचमनशीच बोललो. फ्लॅट विकलाय आणि तीस नोव्हेंबरला तुम्ही जाताय, एवढं त्याने सांगितलं. कुठे जाताय ते त्याला माहीत नव्हतं. बाकीचं मी गावी हौसाकाकूकडून काढलं. ती आधी सांगेना. म्हणाली, "संचूने शपथ घातलीय. दादाला कळवू नका, त्याला वाटेल त्याच्यामुळे झालं." मग रडायलाच लागली. हप्ता वाढला तेव्हापासून साईनाथरावांनी रक्तदाबाच्या गोळ्या एक दिवसाआड केल्या, नंतर बंदच केल्या, आणि घरात कोणाला बोलले नाहीत. गेल्या वर्षी जूनमध्ये अर्धं अंग गेलं, वाचा गेली. मी तो पेपर नाचवत होतो, तेव्हा ते आठ महिने अंथरुणाला होते.

दर वाढला की लोक खर्च कमी करतात, हे मी नाक्यावर किती जणांना ऐटीत समजावलंय. कमी करतात म्हणजे काय कमी करतात, ते एकदाही विचारलं नाही. सहा प्रश्नांत तो प्रश्नच नव्हता. आणि असता तरी मी शीळफाट्याला बसून ‘काही नाही’ असंच लिहिलं असतं.

माझ्यामुळे झालं, संचू. तू शपथ घालून ते झाकायची गरज नव्हती. तुझ्या एवढ्या वाईट दिवसांतही तू माझी नोकरी वाचवायला खोटं बोललीस, याची मला इतकी लाज वाटली की तीन आठवडे काही सुचलं नाही.

गेल्या सोमवारी मी शिवानीला लेखी दिलं. पंधराही फॉर्म खोटे आहेत, रद्द करा, बाईंचा यात दोष नाही. ती बिचारी म्हणाली, "काका, जुळलंय ते, आता कशाला?" पुढच्या वर्षी टॅब येणार आहेत. घरासमोर उभं राहिल्याशिवाय त्यात फॉर्म उघडतच नाही म्हणे. मी म्हटलं, ते मला आधी मिळायला हवे होते. पैसे कापून घेतील ते घेऊ देत.

निघताना एक कोरा फॉर्म मागून घेतला. तो आता कुणालाच नकोय, कुठल्याही टक्केवारीत जाणार नाही. येत्या रविवारी, तेवीस तारखेला, तो घेऊन येतो. तू बोल, मी लिहितो. गोळ्यांचं, तुझ्या कृतिकाच्या कॉलेजचं, घर कितीला गेलं, रोज कुशीवर कोण वळवतं त्यांना, सगळं. शिव्या दिल्यास तर त्याही लिहीन. सामान उचलायला दोन हात लागतीलच, तेही आणतोय. साईनाथरावांना आधी विचार, मी समोर आलेलं चालेल का. ते ज्या कशाने हो-नाही सांगत असतील, त्याने सांगू देत. नाही म्हणाले तर मी दाराबाहेर बसेन.

आणि तुलाच दार उघडायचं नसेल तर उघडू नकोस. मी नियमाने तीन वेळा येईन, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी. बेल एकदाच वाजवीन. संध्याकाळीही उघडलं नाहीस तर जिन्यात उभा राहून फॉर्मवर ‘घर बंद’ असं लिहीन. तुझ्या नावावर मी लिहिलेलं तेवढंच खरं असेल.

चहा टाकू नकोस.

तुझा गुन्हेगार,
दादा