धाकटी तीच आहे, म्हणून घर तिचे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, तत्त्वज्ञान या विषयाची निवृत्त प्राध्यापिका, लिहून ठेवते की, माझे डोके ठिकाणावर आहे, रागही ठिकाणावर आहे, आणि हा कागद मी कोणाच्या धाकाने, भिडेने अगर गोड बोलण्याने करीत नसून, माझ्या भाच्याने गेल्या महिन्यात जेवणाच्या टेबलावर जे अकलेचे तारे तोडले त्यामुळे करीत आहे. माझे आधीचे मृत्युपत्र दोन ओळींचे होते. घर धाकटीला, पुस्तके ज्याला हवी त्याला. शहाण्या माणसांना तेवढे पुरते. आमच्या घराण्याला पुरले नाही, सबब ते रद्द समजावे.

डोके ठिकाणावर असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. तो आमच्या डॉक्टरांनी दिला. ते निवृत्त मनोविकारतज्ज्ञ आहेत, आणि माझ्याशी भांडण्याचे त्यांचे काम अजून चालू आहे. दाखल्यासाठी त्यांनी मला समोर बसवले.

"आज वार कोणता, मॅडम?"

"गुरुवार."

"शंभरातून सात वजा करा. मग पुन्हा सात."

"आधी तुम्ही करून दाखवा."

त्यांनी लिहिले, "स्मृती उत्तम. स्वभाव पूर्ववत." दुसरे वाक्य खोडा म्हटले तर खोडले नाही. मग तेही राहू दे.

कलम एक. माझे राहते घर, दुसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी, आतल्या सगळ्या सामानासकट, माझ्या धाकट्या बहिणीला द्यावे. हयातीपुरते वगैरे नाही. पूर्ण मालकीने द्यावे. दारावरच्या पाटीत तिचे नाव वर घ्यावे.

ही धाकटी कोण, ते सांगते, कारण अलीकडे तिच्याविषयी लोक ती खोलीत नसल्यासारखे बोलतात. ती चित्रपटगृहाच्या तिकीटखिडकीवर नोकरीला होती. मालक संशयी. लोक खिडकीशी गप्पा मारत उभे राहतात म्हणून त्याने काचेला रंग फासून घेतला आणि खाली हात जाईल एवढे एक कमानदार भोक ठेवले. तिला दिवसभर माणसे दिसायची ती मनगटापर्यंत. तरी ती माणूस ओळखायची. कोणाचे लग्न ठरले, कोणाचे मोडले, कोणाची नोकरी गेली, सगळे हातावरून. मी हात आत घातला की तोंड उघडायच्या आत तिकीट हातात पडायचे आणि आतून आवाज यायचा, "थोरले, हात काढ, मागं रांग आहे." सख्ख्या बहिणीला सवलत नाही.

आता तिला विसर पडतो. आधी किल्ल्या विसरली, मग रस्ते, मग नावे. सध्या ती मला ओळखत नाही. मला "बाई" म्हणते. मी या घरात राहायला आलेली कोणी भली बाई आहे, असा तिचा समज आहे, आणि ती माझ्याशी माझ्या सख्ख्या नातेवाइकांपेक्षा अदबीने वागते. संध्याकाळी विचारते, "बाई, माझी बहीण अजून कशी आली नाही?" मी सांगते, येतेय. मला वाईट वाटते. फार वाटते. पण ते माझे मी बघून घेईन, त्यासाठी घर विकायला नको.

कलम दोन. भाच्याला घरातला वाटा नाही. हा माझ्या दिवंगत भावाचा मुलगा. एका मोठ्या कंपनीत माणसे निवडण्याच्या कामावर आहे. दोन प्रश्नांत समोरचा माणूस ओळखतो, असे स्वतःच सांगतो. वाटा का नाही, हे समजण्यासाठी आमच्या कार्यक्रमाची हकिगत सांगणे भाग आहे.

डॉक्टर आणि मी मिळून रेडिओवर बरीच वर्षे गप्पांचा कार्यक्रम केला. लोक बघतात त्या मालिका आणि सिनेमे घ्यायचे आणि त्यांतून मन म्हणजे काय, मी म्हणजे कोण, असल्या प्रश्नांवर हसत-खेळत भांडायचे. मी मालिका बघत नसे. मला गोष्टी सांगायची धाकटी, तिकीट न फाडता. पहिला भाग याच घरात ध्वनिमुद्रित झाला. आमचे भांडण रंगात आले आणि स्वयंपाकघरातून ती ओरडली, "चहा गार होतोय!" ध्वनिमुद्रण करणाऱ्याने ते कापले नाही. कार्यक्रमाला तेच नाव पडले, आणि पुढचा प्रत्येक भाग तिच्याच आवाजाने सुरू झाला.

आता मुद्द्याचे. दर भागाआधी डॉक्टर नाणे उडवत. छापा पडला तर मी होकाराची बाजू घ्यायची, काटा पडला तर नकाराची. उलटी बाजू त्यांची. स्वतःला काय पटते त्याचा संबंध नाही. ज्याला एकच बाजू मांडता येते त्याने भांडू नये, देवळात जावे, असे माझे मत होते आणि आहे. नाणे पडल्याचा आवाज ध्वनिमुद्रणात खटकायचा, म्हणून तेवढा कापला जायचा. श्रोत्यांना वाटले, ही बाई पोटातले बोलते.

एका मालिकेत नवरा आगीत सापडतो. मेला असे सगळे समजतात. काही महिन्यांनी तो नवा चेहरा घेऊन आणि जुनी आठवण गमावून दारात उभा राहतो. (खरे कारण, पहिल्या नटाने पैसे वाढवून मागितले होते.) प्रश्न असा, बायकोने दार उघडावे का? काटा पडला. नकार माझ्याकडे आला.

मी म्हणाले, "दारावरची पाटी तीच आहे हो, पण आतला भाडेकरू बदललाय. जुन्याची पत्रं नव्याला कशाला द्यायची?"

डॉक्टर म्हणाले, "माणूस फक्त स्वतःच्या डोक्यात राहत नाही, मॅडम. थोडा बायकोकडे राहतो, थोडा भावंडांकडे, थोडा शेजाऱ्याकडे. एका खोलीला कुलूप लागलं म्हणून तो बेघर होत नाही."

मी म्हणाले, "एवढी घरं आहेत, तर घरपट्टी भरतो का?"

झाले. लोकांनी माझे वाक्य डोक्यावर घेतले. डॉक्टरांचे वाक्य कोणाच्या कानावरून गेले नाही. आठवण गेली की माणूस गेला, हे त्या बाईने सिद्ध केले, अशी पत्रे आली. मी काय सिद्ध केले होते? काटा पडला, एवढेच.

आणि गेल्या महिन्यात भाचा जेवायला आला. धाकटी माझ्या शेजारी बसली होती. याने घास गिळला, फोन काढला आणि माझाच आवाज मला ऐकवला. पाटी तीच, भाडेकरू बदललाय. एवढाच तुकडा. पुढचे कापलेले.

"आत्या, हे तूच म्हणालीस ना?"

"म्हणाले."

"मग? धाकटी आत्या आता ती राहिलीच नाही, हे तुझंच शास्त्र आहे. तिच्या नावावर घर करणं म्हणजे कोणाच्याच नावावर न करणं. चांगल्या संस्था असतात, तिथं ठेवू. घराचं मी बघतो."

मी धाकटीच्या पानात भात वाढला, तर म्हणतो, "तू नकाराच्या अवस्थेत आहेस. दुःखात माणूस खरं मानत नाही. होतं असं."

हा शब्द त्याने कुठल्याशा शिबिरात उचलला असणार. डॉक्टरांना सांगितले तेव्हा ते इतके लाल झाले की मीच त्यांना पाणी दिले. म्हणाले, "हे शब्द मी जन्मभर रडणाऱ्या माणसांसाठी वापरले. घर रिकामं करायलाही चालतात, हे माहीत नव्हतं."

पण मला उठून उभे केले ते त्या शब्दाने नाही. धाकटी सगळे ऐकत होती. ती माझ्याकडे वाकली आणि हळूच म्हणाली, "बाई, हे कोणाबद्दल बोलताहेत? फार आजारी आहे का ती?" मी म्हटले, बरी आहे. ती म्हणाली, "बिचारी. तिला स्वतःचं कोणी नाही का?"

भाचा हसला आणि म्हणाला, "बघ."

मी त्याला ताट उचलायला सांगितले आणि दार दाखवले. जिला आपलेच नाव सांगता येत नाही तिला अनोळखी बाईची दया येते, आणि ज्याला सगळे पाठ आहे त्याला हसू येते. यातला बदललेला कोण? लहानपणी हाच मुलगा फुकट सिनेमा बघायला खिडकीशी हात घालायचा, आणि ती स्वतःच्या पगारातून त्याचे तिकीट फाडायची. आता आयत्या बिळावर नागोबा व्हायला आला आहे.

कलम तीन. भाच्याला अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाही. डॉक्टरांचे नाणे मी एका पैजेत जिंकले आहे, ते त्याला द्यावे. यापुढे माझे मत म्हणून काही सांगण्यापूर्वी त्याने ते उडवावे. त्याबरोबर कार्यक्रमाच्या सर्व ध्वनिमुद्रिका द्याव्यात, अट एकच, प्रत्येक भाग सुरुवातीपासून ऐकावा. सुरुवातीला कोणाचा आवाज येतो ते त्याला कळेल. धाकटीला मी ते अजून ऐकवते. स्वतःचा आवाज ऐकून ती मान डोलावते आणि म्हणते, "बरोबर सांगतेय ही. उठा."

कलम चार. पुस्तके. महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला एकही देऊ नये. त्यांनी माझा विषय बंद केला आणि माझ्या खोलीत झेरॉक्सचे यंत्र बसवले. पुस्तके त्या झेरॉक्सवाल्याला द्यावीत. तो निदान पान उलटतो.

कलम पाच. छत्री. ही डॉक्टर फार पूर्वी आमच्याकडे विसरले. मी आधी तिचे कापड बदलले, मग काड्या, शेवटी दांडा. ते म्हणतात छत्री त्यांची. मी विचारते, तिच्यात तुमचे काय उरले? यावर आम्ही दोन भाग केले आणि निकाल लागला नाही. डॉक्टर या कागदाचे साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे हा कागद करून देणाऱ्या वकीलबाई म्हणतात, म्हणून ती आज, सहीच्या आधी, हातात दिली. त्यांची म्हणून नव्हे, माझी म्हणून दिली, याची नोंद असावी. त्यांनी ती खोलीतच उघडून बघितली.

कलम सहा. धाकटीला सांभाळणारी मदतनीस हल्ली दिवसा येते, ती माझ्या पश्चात इथेच राहील. तिचा पगार माझ्या ठेवींतून जावा, आणि वकीलबाईंनी त्यावर देखरेख ठेवावी. तिने आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात. धाकटीची संध्याकाळची मालिका चुकवू नये. तिच्या पुढ्यात तिच्याबद्दल "ही" म्हणून बोलू नये. आणि "ओळखलंस का? मी कोण, सांग पाहू?" हा प्रश्न कोणीही विचारू नये. मी जन्मभर परीक्षा घेतल्या आहेत. परीक्षेला बसायचे की नाही हे विद्यार्थी ठरवतो, आणि आधी त्याला बसायला खुर्ची देतात. भेटायला आलात तर जवळ बसा, हात तिच्या हातात द्या आणि गप्प राहा. हे जमत नसेल तर येऊ नका.

इथे कागद संपत होता. पण सही करायला पेन उचलले तेव्हा जे घडले तेही लिहून ठेवते, कारण त्यातून कलम सात निघाले.

धाकटी टेबलाशी बसून माझ्या हाताकडे बघत होती. म्हणाली, "बाई, तुमचा हात अगदी माझ्या बहिणीसारखा आहे."

डॉक्टर छत्रीची घडी घालत राहिले.

"तुम्ही हे घर सोडून चाललात का?" तिने विचारले.

"कधीतरी जावं लागेल."

"मग तुम्ही गेल्यावर ती येईल ना? तिला जागा होईल."

मी म्हणाले, "येईल." डॉक्टरांनी तोंड उघडले. मी म्हणाले, "डॉक्टर, आज नाणं उडवायचं नाही."

ते म्हणाले, "मी फक्त म्हणत होतो, चहा गार होतोय."

कलम सात, आणि हे सर्वांत बंधनकारक. माझ्या पश्चात ती जेव्हा जेव्हा विचारील, बहीण कधी येणार, तेव्हा तेव्हा उत्तर द्यावे, "निघालीय, रस्त्यात आहे." बहीण वारली असे कोणीही सांगू नये. खरे-खोटे काय याचा विचार मी पुरेसा केला आहे, नातेवाइकांनी त्यात भर घालू नये.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझाच आहे, आणि ऐकताना पुन्हा तितकाच राग आला, सबब तो खरा आहे.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली.
तारीख: दाखल्यावर आहे तीच. गुरुवार.

साक्षीदार: डॉक्टर, निवृत्त मनोविकारतज्ज्ञ. (छत्री मिळाली. माझीच आहे.)
साक्षीदार: तळमजल्यावरचे चष्मेवाले. (छत्रीबाबत काही म्हणणे नाही.)

पूर्ण नावाची सही वकीलबाईंनी पहिल्या पानावर घेतली आहे. ही दुसरी, ज्या नावाने मला खिडकीतून हाक यायची त्या नावाने:

थोरली