जरा हळू उतरवा

तीर्थरूप आईस, लांबूनच पाया पडते.

मी ठणठणीत आहे. बाबांचा खोकला थांबला का?

निवडणुकीत सरकार बदललं आणि पवनचक्क्यांची योजना गुंडाळली. आम्ही उभारलेले मनोरे आता आम्हीच उतरवतोय. म्हणजे सध्या काम आहे, एवढंच बाबांना सांग.

घरमालकीणबाई डबा भरताना म्हणाल्या, "वीजबिल कमी करतो म्हणाले, म्हणून मत दिलं गं. तुला जावं लागेल हे कुठे ठाऊक होतं?" त्यांच्यावर कशी रागावू?

आम्हा कामगारांत मनोरा पुरा झाला की आत, अगदी वर, आपापल्या आईचं नाव लिहितात. काल तुझ्या नावाचा भाग निघाला. तू स्टुलावर चढायलाही घाबरतेस, म्हणून क्रेनवाल्याला म्हटलं, "दादा, जरा हळू उतरवा."

तुझीच,
धाकटी