दोन सुभेदार आणि आमच्या यांचे दोन गाल

थोरले बंधू छू शौरेन यांस धाकटी बहीण सुइनिआंग हिचा गुडघे टेकून नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? छावणीत राळ्याची पेज तरी पोटभर मिळते का? आम्ही जिवंत आहोत, म्हणजे खुशाल आहोत. (पत्र देवळातला भिक्षू लिहितोय. माझं बोलणं सारखं सुधारू बघतो. मी सांगितलंय, आमच्या घरच्या आंबट शिरक्याचं मडकं घेतलंस ना, मग गप लिही.)

तुझे सुभेदार पश्चिमेचे, आमचे पूर्वेचे, आणि दोघे एकमेकांचे व्याही. व्याही रुसले तर पंगतीतून उठतात. हे सैन्य घेऊन उठतात. वर्षात आमचं गाव तीनदा इकडून तिकडे गेलं. जिंकेल त्याला राजधानी चांगआनहून सम्राटांचं शाबासकीचं फर्मान येतं, आधीच्याची शाई वाळायच्या आत. आणि दोघांची खोड एकच: सापडेल त्या पुरुषाच्या तोंडावर आपल्या सैन्याचं नाव गोंदायचं, म्हणजे पळाला तरी ओळखू येतो. वसंतात पूर्वेकडच्यांनी तुझ्या मेहुण्यांचा डावा गाल गोंदला. उन्हाळ्यात तुम्ही आलात, उजवा गोंदलात. (कपाळ अजून रिकामं आहे. तिसरा कोणी सुभेदार असेल तर त्याला कळव.)

मागच्या पंधरवड्यात पुन्हा पूर्वेकडचे आले. वेशीवर तोंडं तपासून, तुमचं गोंदण दिसलं की मान उडवत होते. मी घाईने गळवावर लावतात तसली मलमपट्टी केली, यांच्यासमोर उभी राहिले आणि माझ्या उजव्या हाताकडच्या गालावर थापली. समोरच्याचा उजवा तो माझा डावा, हे मला वेशीवर कळलं. झाकायचं ते उघडं, दाखवायचं ते झाकलेलं. जल्लादाने यांचा बुचडा धरलासुद्धा. मी पट्टी ओढली, अर्ध्या मिशीसकट, आणि दुसऱ्या गालावर चिकटवली.

तोवर सरदाराने दोन्ही गाल वाचले होते. म्हणाला, "बाई, हा नवरा नक्की कोणाचा?"

मी म्हटलं, "माझा. तुम्ही दोघांनी त्याच्यावर नुसतं लिहिलंय."

तो हसला नाही. पण मान राहिली. म्हणाला, दोन्हीकडचं मीठ खाल्लंय, तर तटावर सगळ्यात पुढे उभा करा. तेव्हापासून हे पश्चिमेच्या तटावर गालावर तीच पट्टी नि हातात भाला घेऊन उभे असतात. शिरका ढवळायच्या काठीपलीकडे यांनी जन्मात काही धरलं नव्हतं. मी पेज घेऊन गेले की विचारतात, येणाऱ्यांत शौरेनदादा असतील का? मी म्हणते, आधी गिळा.

काळजी नसावी. वहिनीला नमस्कार.

ता. क. मीठवाला फेरीवाला म्हणाला, तुमच्या शिड्या तयार झाल्या आणि पहिल्या फळीत तू आहेस. तटावर पट्टीवाला माणूस दिसला तर मारू नकोस.

आणखी ता. क. यांना लांबचं दिसत नाही, तुला ओळखणार नाहीत. म्हणून तशीच एक पट्टी पाठवतेय. यांना बजावलंय, शिडीवर पट्टीवाला दिसला की भाला खाली. तू डाव्या गालावर लाव. उजवं गोंदण झाकलंस तर तुमचेच तुला मारतील. डावा म्हणजे तुझा डावा. स्वतःच्या हाताने लाव, दादा, कोणाला समोर उभं करून लावून घेऊ नकोस.